इंजिनाचा सोमवार

वैशाखातल्या एका सकाळी मुंबईहून परतताना जानराव नाशिकला आमच्या दारात उभे राहिले आणि पाय धुवायच्या आधीच म्हणाले, "आक्का, इंजिन घेतलं. आता तुमी चला."

जानराव म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचे, यमुनेचे यजमान. अकोल्याहून अकोटला जाताना पूर्णा नदी ओलांडली की त्यांचं गाव लागतं. ही गोष्ट वऱ्हाडात आगगाडी नवीन होती तेव्हाची. आता मी म्हातारी झाले आहे आणि शाळेत चारच बुकं शिकले आहे. जे पाहिलं ते सांगते. सजवून सांगायला मला येत नाही.

त्या आधी अमेरिकेत मोठी लढाई झाली होती. तिकडचा कापूस विलायतेच्या गिरण्यांना मिळेना, म्हणून त्यांनी वऱ्हाडच्या कापसाकडे तोंड वळवलं. लोकांनी ज्वारी कमी केली आणि जिथे तिथे कापूस लावला. पुढे लढाई संपली, भावही उतरला, पण लावलेला कापूस काही उगवायचा थांबला नाही.

कापूस वेचला म्हणजे काम संपलं, असं लांबच्या माणसाला वाटतं. कापसात सरकी (कापसाचं बी) असते. ती काढली तरच रुई होते. त्यासाठी घरोघर लाकडी चरखी असे. दोन रूळ एकमेकांना चिकटून असतात. एका हाताने दांडा फिरवायचा आणि दुसऱ्याने रुळांत कापूस सारायचा. रुई पलीकडे जाते, सरकी अलीकडे पडते. हे काम बायकांचं. दिवाळीपासून होळीपर्यंत दांडा फिरवून यमुनेच्या उजव्या हाताची बोटं मिटेनाशी झाली होती. तरी निम्मा कापूस घरात तसाच पडून होता. पावसाच्या आत सरकी निघाली नाही तर तो भिजून काळा पडणार. इंजिन वेळेवर पोचलं नाही तर ती सरकी यमुनेच्याच हातांनी निघणार. म्हणून तिच्याजवळ असावं असं वाटलं आणि मी निघाले. वऱ्हाड पाहायची हौसही होती, ती लपवत नाही.

आगगाडीत आमच्या डब्यात एक बाई देवळात शिरावं तशी चपला बाहेर काढून चढली. गाडी सुटली आणि चपला फलाटावर राहिल्या. ती रडेल असं मला वाटलं होतं. ती म्हणाली, "जाऊ द्या, बाई. येतानी घालीन." माझ्या लुगड्यावर धुराड्यातली ठिणगी पडून भोक पडलं. मी मात्र पार बडनेऱ्यापर्यंत त्याबद्दल बोलत राहिले.

इंजिन मालगाडीने मागून येणार होतं. ते ओढायला जाड दोर हवे होते, म्हणून आम्ही अकोला मागे टाकून आधी अमरावतीला गेलो. बडनेऱ्याहून दमणी (बैलांची हलकी गाडी) केली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या बाभळींना कापूस लागला होता. गाड्या जाता-येता भरलेल्या पोत्यांतून निघालेली रुई काट्यांना अडकलेली. परक्या माणसाला वाटावं, इकडे बाभळीलाच कापूस येतो.

अमरावतीत अंबादेवीचं दर्शन घेतलं आणि मग कापसाच्या बाजारात गेलो. तिथे रुई दाबून गासड्या बांधण्याचं काम चालू होतं. मोठ्या लाकडी खोक्यात रुई भरतात, वर लोखंडी मळसूत्र (आटे पाडलेला खांब) असतं. माणसं त्याचे दांडे धरून गोल फिरतात तसं मळसूत्र खाली उतरतं आणि खोलीभर रुई पेटीएवढी होते. विलायतेच्या जहाजात जागा थोडी, म्हणून हा खटाटोप. शेजारी एक व्यापारी बसला होता. विलायतेतला भाव तारेने कसा चटकन येतो, ते त्याने मला अभिमानाने सांगितलं. दोर कुठे चांगला मिळतो हे विचारलं तर त्याला सांगता येईना. दोराचं दुकान त्याच्या पाठीमागच्याच गल्लीत निघालं. जानरावांनी अंबाडीचे जाड दोर घेतले आणि आम्ही अकोल्याला परत आलो.

अकोल्याचं ऊन नाशिककरांनी मनातसुद्धा आणू नये. स्टेशनाच्या आवारात इंजिन उभं होतं. आडवा गोल बंब, खाली चार चाकं, पुढे उंच धुराडं आणि कुशीला माणसाच्या उंचीचं लोखंडी चाक. बंबात पाणी, खाली लाकडांचा जाळ. वाफ एका नळकांड्यात शिरून दट्ट्याला ढकलते, दट्ट्या दांड्याला आणि दांडा त्या मोठ्या चाकाला. चाकावर पट्टा चढवला की तो सोबत आलेल्या लोखंडी चरख्या फिरवतो. खालची चार चाकं मात्र नुसती नेण्या-आणण्यासाठी. त्यांना वाफेचं बळ नाही, ती बैलांनी ओढायची. हे सगळं मला सोराब फिटरने समजावलं. तो पारशी, मुंबईचा, इंजिन मांडून द्यायला आला होता. सदा हसतमुख आणि सदा घामाघूम.

जानरावांच्या गावाहून दहा-बारा बैलजोड्या आल्या होत्या. सगळ्यांत पुढची जोडी किसनाजींची. किसनाजी म्हातारे होते आणि जोड्यांचे बाकीचे मालक त्यांच्या शब्दाबाहेर नव्हते. शनिवारी पहाटे निघून रविवारी दिवसा नदी ओलांडायची, असं ठरलं होतं.

तसं झालं नाही, आणि त्यात जानरावांचाच हात होता. वाटेत प्रत्येक गावची माणसं इंजिन पाहायला वेशीवर येत. बायका बंबाला हळद-कुंकू लावत, नारळ फुटे, आणि जानराव थांबून पहिल्यापासून सगळं समजावून सांगत. सोराब जिथे जाई तिथे विहिरीचं पाणी चाखून थुंकून टाकी. त्या पट्ट्यातलं पाणी खारं आहे. बंबात घातलं तर आतून क्षाराचा थर धरतो. एका गावातला माणूस म्हणाला, "आमी जलमभर पेऊन राहिलो, अन् हे लोखंड पेत नाई?" मी जानरावांना म्हटलं, "तुमचं कौतुक आटपा, नदी अजून लांब आहे." ते म्हणाले, "आक्का, लोकायले सांगा लागते ना." लोकांना सांगता सांगता रविवारची दिवेलागण झाली आणि इंजिन पूर्णेच्या वाळूत चाकांच्या आसापर्यंत रुतलं.

आम्ही काठावर मुक्काम केला. गड्यांनी गोवऱ्यांच्या निखाऱ्यांत रोडगे (कणकेचे भाजलेले गोळे) भाजले. वर साधं वरण आणि वांग्याची भाजी. इतकं चांगलं जेवण मी फार थोड्या वेळा जेवले आहे.

सकाळी उत्तरेला सातपुड्यावर काळं आभाळ होतं. डोंगरात वळवाचा पाऊस पडला की कोरड्या पूर्णेला एकाएकी पाणी येतं. जानराव लगबगीने बैलांकडे गेले. किसनाजी बैलांना चारा घालत होते.

"जोड्या जुता ना, किसनाजी."

"आज सोमवार हाये."

त्यांच्या गावात सोमवारी बैलाच्या मानेवर जू ठेवत नसत. तो महादेवाचा वार आणि बैल म्हणजे नंदी.

"आजचा एक दिस, किसनाजी. महादेव माफ करंन."

"तो माफ करंन म्हनून म्या पाप करू?"

"अन् नदीले पाणी आलं त?"

"त इंजिनाची आंघोळ होईन."

तेव्हा सोराबने डोकं खाजवत सांगितलं, की बैल नकोतच. मोठ्या चाकाच्या आसावर लाकडी रूळ बसवू. पलीकडच्या काठावरच्या चिंचेला कप्प्या बांधू आणि दोर त्यांतून घेऊन रुळावर गुंडाळू. बंब पेटवला की चाक फिरेल, दोर गुंडाळत जाईल आणि इंजिन स्वतःला झाडाकडे ओढून नेईल.

किसनाजींनी नीट ऐकून घेतलं. "म्हंजे ओझं इंजिन वढंन?"

"हो," सोराब म्हणाला.

"मंग त्याचाबी सोमवार."

"अहो आजोबा, ते लोखंड आहे."

"लाकूड खाते?"

"खाते."

"पाणी पेते?"

"पिते."

"तेबी गोडंच पायजे. माह्या बैलायचे इतके नखरे नाईत. श्वास टाकते?"

सोराबला कबूल करावं लागलं.

"मंग बैल नाई त काय हाये, बाप्पा?"

मला राहवलं नाही. मी म्हटलं, "शेण कुठे टाकतं ते?"

"राख टाकते ना, बाई." सगळी माणसं हसली.

इतक्यात पलीकडून गावातल्या बायका घागरी घेऊन आल्या. त्यांत यमुना होती. मी तिला दोन वर्षांनी पाहत होते. तिने पदर सावरला तो डाव्या हाताने. उजवा हात तिने पोटाशी धरला होता. भांडण कशाचं ते तिला जानरावांनी सांगितलं. ती किसनाजींसमोर येऊन उभी राहिली. सासऱ्याच्या वयाच्या माणसाला तिकडच्या सुना मामाजी म्हणतात.

"मामाजी, इंजिनाच्या मानेवर जू हाये का?"

"नाई. दोर हाये."

"तो त झाडाले बांधला. एखादं मोकळं जनावर पाण्यातून आपल्या पायानं भायेर येते. त्याले तुमी सोमवारी अडवता का?"

किसनाजींनी बैलाची पाठ खाजवली. "नाई अडवत," ते म्हणाले. "पण गावात नेल्यावर त्याले पट्टा चढवसान. पट्टा म्हंजे जूच. तवा सोमवारी बंद ठेवा लागंन."

हा सौदा जानरावांना अवघड गेला. त्यांच्या डोक्यात पाऊस आणि घरातला कापूस. ते आभाळाकडे पाहू लागले, मग यमुनेच्या हाताकडे. शेवटी त्यांनी वाळूतल्या एका डबक्यातलं पाणी ओंजळीत घेऊन महादेवाची आण घेतली.

मग सगळे कामाला लागले. वाळूत झिरा (उकरून काढलेला पाण्याचा खड्डा) खणला. त्यातलं पाणी गोड निघालं. बायकांनी घागरींनी बंब भरला. यमुनेला घागर पेलत नव्हती, ती बाभळीच्या काटक्या कोपरात धरून आणत होती. तासाभराने धुराडं धुमसू लागलं, चाक हललं, दोर ताणला गेला आणि तुटला. दुहेरी केला. पुन्हा ताणला. या वेळी चिंच करकरली आणि इंजिन वाळूतून म्हशीसारखं सावकाश उठलं. कुठलंच जनावर पुढे नाही, माणूस हात लावत नाही आणि एवढं धूड आपणच चढण चढतं आहे. एक म्हातारी हात जोडून खाली बसली. मी हात जोडले नाहीत, पण बसले.

दुपार कलल्यावर नदीला गढूळ पाणी आलं. इंजिन रुतलं होतं तिथे गुडघ्याच्या वर चढलं. किसनाजींनी ते पाहिलं आणि बैलांना पाण्यावर नेलं.

मंगळवारी जोड्या जुंपून इंजिन गावात आलं. यमुनेच्या घरात बसायला जागा नव्हती. ओसरीवर कापूस, माजघरात कापूस, देवघरात देवांपुरती जागा सोडून कापूस. सोराबने मागच्या आवारात छपराखाली लोखंडी चरख्या मांडल्या, पट्टा चढवला आणि शिट्टी वाजवली. गावातली कुत्री शिवाराबाहेर गेली. बायकांनी आता दांडा फिरवायचा नव्हता, नुसता कापूस सारायचा. मजुरीवर चरखी चालवणाऱ्या काही जणी नाराज होत्या, कारण इंजिनापुढे इतक्या बायका लागत नव्हत्या. त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. ज्यांना काम मिळालं त्या खूश होत्या. यमुना डाव्या हाताने कापूस सारी आणि मधूनच उगीच हसे. मोकळ्या झालेल्या ओसरीवर मी पाय पसरून झोपले.

मग सोमवार आला. इंजिन थंड होतं. जानरावांनी सकाळपासून त्याच्याभोवती दोनदा फेरी मारली. आण घेतलेली, म्हणून हात लावला नाही. आभाळ भरून आलेलं आणि कापूस अजून उरलेला. बायका सवयीने छपरापाशी येऊन बसल्या होत्या. जानराव त्यांना म्हणाले, "इंजिन बंद हाये त बंद राहू द्या. जुन्या लाकडी चरख्या हायेत ना माळ्यावर. काढा खाली."

दोघीजणी उठल्यादेखील. यमुना जागची हलली नाही.

"बैलाले सोमवार," ती म्हणाली. "लोखंडाले सोमवार. माह्या हाताले कोणता वार देता?"

जानराव तिला घेऊन किसनाजींकडे गेले. म्हातारा आपल्या बाजूने बोलेल, अशी त्यांना खात्री असावी. मीही मागोमाग गेले. किसनाजी खाटेवर बसले होते. त्यांनी यमुनेला हात पुढे करायला सांगितलं. बैलाचा खूर पाहावा तसा उलटसुलट करून पाहिला. बोटं मिटवायला सांगितली, ती मिटली नाहीत.

"हे आमाले कोणी इचारलंच नाई," ते म्हणाले. मग जानरावांना म्हणाले, "दांडा म्हंजेबी जूच. राहू दे माळ्यावर."

त्या दिवशी बायका करायचं काय ते न कळून तासभर तिथेच बसल्या. मग एकीने दुसरीच्या उवा काढायला घेतल्या, तिसरी भिंतीला टेकून घोरू लागली. यमुना दुपारपर्यंत झोपली. उरलेला कापूस पावसाच्या अलीकडे कसाबसा संपला. शेवटचा ढीग थोडा भिजला, तेवढं नुकसान जानरावांनी बोलून दाखवलं आणि मग सोडून दिलं.

मी अकोल्याहून गाडीने परत आले. वाटेत मला वाटत होतं, की इंजिन विलायतेहून आलं, फिटर मुंबईहून आला, भाव तारेवरून आले. यमुनेचा सोमवार मात्र कुठून आणावा लागला नाही. तो गावातच होता, फक्त तिच्यापर्यंत पोचायचा राहिला होता.

पुढल्या वर्षी पावसाळा संपल्यावर ती नाशिकला माझ्याकडे आली. तिची बोटं आता बरीचशी मिटत होती. सोमवारी सकाळी तिने माझ्या घरात भांड्याला हात लावला नाही. मला राग आला. भांडी तशीच पडलेली पाहून दुपारपर्यंत मी धुसफुसत होते. मग मीही लावला नाही.