विमान पोचेपर्यंतचा केर

माणूस वाटेवर असेपर्यंत घरात केर काढायचा नाही, ही आईची शिस्त मी निपाणीहून बेंगळूरला बरोबर आणली होती. चौथीत शाळा सुटली. शिकले ते असलंच. आमचे हे विमानदुरुस्तीतले मेकॅनिक. त्यांची बदली पोर्ट ब्लेअरला झाली, ते बोटीनं गेले, आणि चामराजपेटेतल्या मागच्या खोलीत मी एकटी उरले. एकटी कसली, कानडी घरमालकीण अक्का होत्या. त्या नसत्या तर मी केव्हाच गाव गाठलं असतं.

एकदा ह्यांना कामासाठी तिथून विमानानं कार निकोबार बेटावर जायचं होतं. विमानं दुरुस्त करून हात काळे झालेले, पण समुद्रावरून उडायची ही पहिलीच वेळ. अक्कांचे थोरले भाऊ, अण्णा, विमानखात्यातच कारकून. तिकडची खबर त्यांना बिनतारीवरून कळे. सकाळी ते कामावर निघताना मी भीत भीत विचारलं, "लांब आहे का हो, अण्णा?"

"म्हैसूरला जाऊन परत यायचं, तेवढं. विमानाला तास-सव्वा तास. नऊला निघेल."

म्हैसूरच्या वाटेवर स्टेशनं असतात, चहा मिळतो. इथं दोन बेटं आणि मधे नुसतं पाणी. नऊपासून मी घड्याळासमोर बसले. सव्वादहा होऊन गेले, आणखी अर्धा तास जाऊ दिला, मग देवाला हात जोडून झाडू घेतला. केर अंगणातल्या डब्यात टाकला आणि तेवढ्यात अक्का आल्या. कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात अण्णांचा फोन आला होता.

"तिकडं पाऊस होता म्हणे. साडेदहाला निघालं. आत्ता हवेत असेल."

माझ्या हातातली सुपली गळून पडली. "अक्का, मी केर काढला हो!"

"अय्यो! विमान काय तुझ्या घड्याळावर चालतं?" त्या हसल्या, मग माझं तोंड बघितलं. "सरी, बरं. स्वल्प थांब." त्यांनी डबा उचलला आणि माझ्या खोलीत उपडा केला. शेंगांची फोलं, दोरे, धूळ. "घे. काढलाच नाहीस. आता बस."

आम्ही दोघी त्या केरात बसलो. अक्कांनी तिथंच तांदूळ निवडायला घेतले. डोक्यावरून एक विमान घरघरत गेलं आणि मी त्यांचा हात घट्ट धरला.

"ते आपल्या गावचं. त्याला कशाला भितेस?"

दुपार सरली, फोन नाही. माझ्या डोळ्यांपुढून पाणी हलेना. अक्कांनी दोन घास भरवले.

दिवेलागणीला अण्णा दारात उभे. "हे काय? उकिरडा घरातच?"

"आधी सांग, पोचला का?" अक्का ओरडल्या.

"दुपारीच पोचला की! ढग चुकवत लांबून गेले. निरोपच उशिरा आला."

मी रडतच झाडू उचलला. अक्कांनी मनगट धरलं. देवापाशी त्यांनी नुकताच दिवा लावला होता.

"दिवा लागल्यावर केर काढतात होय गं? आईनं हे नाही शिकवलं?"

झाडू ठेवला, फोलं पायानं बाजूला सारली आणि तिथंच अंथरूण घातलं.