टेकचंददादाचा कान

धानाचा ट्रक मागे येत असताना दादा त्याच्याखाली आला, हे चहावाल्यानं धावत दुकानात येऊन सांगितलं. ड्रायव्हर हॉर्न वाजवून राहिला होता, क्लीनर ओरडून राहिला होता, आणि भाऊ चहाचं पार्सल हातात घेऊन उभेच... हललेच नाही, ताई. चहावाल्याला त्याचं नवल वाटत होतं. मला नाही वाटलं. मला राग आला, आणि महिना उलटला तरी तो उतरलेला नाही.

तेरवीला जो तो म्हणत होता, टेकचंदभाऊसारखा कान अख्ख्या गोंदियात नाही. मी पंगतीत वाढता वाढता ऐकत होते. खोटं नव्हतं ते, जुनं होतं. गाडीच्या स्पीकरचं आमचं दुकान दादानं कानावरच उभं केलं. गिऱ्हाइकानं आवाज फाटतो म्हटलं की हा गाडीत बसायचा, डोळे मिटायचा, मला बटण फिरवून आवाज गाडीच्या एकेका कोपऱ्यातल्या स्पीकरवर न्यायला लावायचा आणि सांगायचा, मागचा डावा, कॉइल घासून राहिली. मी दाराचं पॅनल खोलून स्पीकर बाहेर काढायचे, तर खरंच आतली तारेची कॉइल घासलेली. गर्व असा की मी तपासायला मीटर लावला तरी याचा अपमान व्हायचा.

मग तो डोळे मिटेनासा झाला. स्पीकरच्या पडद्यावर बोटं ठेवून थरथर बघू लागला. बोदलकशाकडच्या एका जीपवाल्याच्या गाडीतला आवाज खडखडत होता. यानं दोन्ही स्पीकर बदलले. खडखड तशीच, कारण दाराच्या पॅनलची क्लिप तुटली होती. मला ती फुटपाथवरून ऐकू येत होती. दादानं विचारलं, आता कसं? जीपवाला मान डोलावून म्हणाला, मस्त. मला वाटलं, काय बावळट माणूस आहे! दुसऱ्या दिवशी त्याला बोलावून क्लिप मीच बसवून दिली.

त्या संध्याकाळी मी दादाला तोंडावर सांगितलं, तुला ऐकू येत नाही. जन्मभर बंद गाडीत बसून मोठे आवाज तपासलेस, आता डॉक्टरकडे चल, मशीन लावून घे. त्यानं हातातला पेचकस भिंतीवर फेकला.

"कानात मशीन घालून गाडीत बसू? मंग लोक कायले येतील माह्याकडं?"

मी विनवलं, भांडले, वहिनीला मध्ये घातलं, अबोला धरला. रस्त्यानं चालतोस, एखाद्या दिवशी जीव जाईल, असंही म्हटलं. त्यावर त्यानं मला स्वतःची शपथ घातली, की हे दुकानाबाहेर जाता कामा नये. मेलेल्या माणसाबद्दल वाईट लिहू नये म्हणतात. का लिहू नये? वहिनीचं कपाळ उघडं पडलं ते याच्या तोऱ्यापायी. तो समोर असता तर आज पुन्हा भांडले असते.

परवा नागरा गावचं एक जुनं गिऱ्हाईक आलं. त्याच्या गाडीचा पुढचा उजवा स्पीकर बंद होता. वायरीला सेल टेकवून पाहिला, पडदा हलला नाही, म्हणजे स्पीकर गेलेला; मी नवा बसवायला घेतला. तो माणूस मात्र प्रत्येक वाक्य माझ्या तोंडासमोर येऊन ओरडून बोलत होता. शेवटी मी वैतागले. म्हटलं, ओरडता काऊन? मी काही बहिरी नाही.

तो ओशाळला.

"सवय पडली जी, ताई. भाऊले आयकू येत नव्हतं ना... आम्ही सारेच असे बोलत होतो."

मी विचारलं, माहीत होतं तर त्याला कोणी बोललं का नाही?

"भाऊले वाईट वाटलं असतं," तो म्हणाला.

मी त्याचा स्पीकर बसवून दिला. आता कोणी दुकानात शिरून मोठ्यानं बोललं की मी समजते, यालाही ठाऊक होतं. सगळेच मोठ्यानं बोलतात.