संगिताची आई तंबूत येत नाही

नोव्हेंबर २०१८ मध्ये डहाणू-तलासरीची जमीन हलायला लागली आणि संगिताला नोकरी लागली. असं एका दमात सांगणं बरं दिसत नाही, पण घडलं तसंच. डी.एड. होऊन ती चार वर्षं बसून होती. बसून म्हणजे अगदी बसून नाही. डहाणूच्या वखारीत चिकू निवडले, नरपडच्या एका वाडीत पर्यटकांना भाकऱ्या वाढल्या. मग धक्के सुरू झाले, मुंबईहून एक मदत संस्था आली, आणि वारली, मराठी, गुजराती तिन्ही बोलणारी मुलगी म्हणून संगिताच्या गळ्यात ओळखपत्र पडलं. त्यावर लिहिलं होतं, ‘संरक्षण सहायक’.

पाड्यावर या पदाची बरीच चौकशी झाली. शेजारच्या चिमणकाकाने तर अंगणात उभं करून विचारलं, “संरक्षन करनार, त काठी कुठं हाय?”

“काठी नसते, काका.”

“मग बंदूक?”

“तीपन नसते.”

“मग भूकंप तुला घाबरल कशास?”

काम खरं तर सोपं नव्हतं. घरं हलतात म्हणून माणसं थंडीत उघड्यावर झोपत होती. त्यांना तंबू मिळाले, पण कुणाचा तंबू कुठे, बाळंतिणीचा कडेला की मधे, बायकांच्या वाटेवर दिवा आहे का, एकटी म्हातारी कुणाच्या लक्षातून निसटली नाही ना, हे सगळं संगिताने पाहायचं. आणि कुणीही मोडक्या घरात झोपायला जायचं नाही, हेही.

तिचे साहेब रविंद्र सर. सरांची उमर परदेशातल्या निर्वासितांच्या छावण्यांत गेली होती. माणूस सोन्यासारखा, फक्त दर तिसऱ्या वाक्याला त्यांना एखादी छावणी आठवायची. पाड्यावरच्या पहिल्या बैठकीत सवयीने त्यांच्या तोंडून ‘निर्वासित’ निघून गेलं. चिमणकाकाने लगेच हात वर केला.

“निर्वासित म्हंजे कोन, सर?”

“घरदार सोडून पळून आलेली माणसं.”

काकाने बोट केलं. “आमचं घर त ह्या समोर हाय. कोंबड्या अजून तिथंच अंडी देतात.”

सरांना हसू आवरेना. वाळवंटं पाहिली, नद्या ओलांडणारी माणसं पाहिली, पण स्वतःच्या घराकडे तोंड करून तंबूत बसलेला माणूस त्यांनी पहिल्यांदाच पाहिला होता. तेव्हापासून त्यांनी तो शब्द पाड्यावर काढला नाही.

जानेवारी सरेपर्यंत सगळा पाडा तंबूत आला. एक घर सोडून. ते घर संगिताचं स्वतःचं, आणि आत झोपणारी बाई तिची आई, नवशी.

नवशी धवलेरी. धवलेरी म्हणजे वारल्यांची लग्नं लावणारी बाई. तिची गाणी झाल्याशिवाय लग्न लागत नाही, त्यामुळे अर्ध्या तालुक्यातली जोडपी तिला बिचकून असतात. घर कुडाचं, वर जुनी जड कौलं. डिसेंबरच्या एका धक्क्यात मधलं आढं जागेवरून सरकलं होतं, ते अंगणातूनही दिसायचं. नवशी बरोबर त्याच्याखाली झोपायची.

“आये, तंबूत चल.”

“नाय.”

“आढं पडल अंगावर.”

“पडल त पडल. ह्या घरात मी वाजत-गाजत आले. पाडा काय म्हनल, नवशी पळाली?”

“अगं, सगळा पाडाच पळालाय. म्हणायला राहिलं कोण?”

“म्हनून त मी राहिले,” नवशी म्हणायची, आणि चुलीत फुंकर घालायची.

संगिताला आता भूकंपाची भीती वाटेनाशी झाली होती. भीती वाटायची ती त्या एका लाकडाची. दिवसभर ती लोकांना समजावत फिरायची आणि जमीन जराशी गुरगुरली की हातातलं काम टाकून घराकडे धावत सुटायची. लोक हसत, तीही हसायची, पण आढं जागेवर आहे हे पाहूनच परत फिरायची. ओढून आणावं तर तेही जमण्यासारखं नव्हतं. कुणालाही जबरदस्तीने हलवायचं नाही, हा सरांचा पहिला धडा होता आणि तो तिला मनापासून पटलेला होता. शेवटी तिने सरांनाच आईकडे पाठवलं. सर हेल्मेट घालून गेले ते अर्ध्या तासाने तोंड पुसत बाहेर आले.

“काय झालं, सर?”

“नागलीची भाकरी फार छान करतात तुझ्या आई.”

“बसला होतात कुठे?”

सरांनी वळून आढ्याकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला.

अशात रोशनीचं लग्न आलं. रोशनी संगिताची धाकटी बहीण. ती आणि झाई बंदरातल्या बोटीवर खलाशी असलेला मिथुन दोन वर्षं एकत्र राहत होते, त्यांना एक मुलगीही होती. वारल्यांत यात नवल नाही, लग्न सवडीने लागतं. मिथुनला फेब्रुवारीत सवड मिळाली होती, पाहुण्यांना सांगून झालं होतं, ताडी ठरली होती.

नवशीने जाहीर केलं की लग्नाचा चौक घरात, आतल्या अंगाने भिंतीवरच निघेल. सवाशिणी तांदळाच्या पिठाने भिंतीवर देवीचा चौक काढतात, आणि त्याच्यासमोरच नवशी गाते.

“त्या घरात पन्नास माणसं मी जाऊ देणार नाही,” संगिता म्हणाली.

“मग मी गानार नाय.”

रोशनी रडायला लागली. तिच्याकडे पाहून तिची पोरही रडायला लागली. संगिताने तडजोड म्हणून तंबूचा पडदा ताणून दिला. सवाशिणींनी त्यावर काढून पाहिलं, पण ताडपत्रीवर पीठ धरेना. चौकातल्या देवाचा घोडा काढला, तो ओघळत ओघळत बकरी होऊन बसला. नवशीने कमरेवर हात ठेवून ती बकरी नीट पाहून घेतली.

“बकरीवाल्या देवासमोर माझ्या पोरीचं लगीन नाय लागायचं. चौकास भिंत लागते.”

संगिताचं डोकं फिरलं. एवढे महिने गिळलेला सगळा राग एकदम वर आला. “मग घेऊन ये ना तुझी भिंत बाहेर,” ती ओरडली, “म्हणजे सुटले मी एकदाची.”

मिथुन घराकडे बघत राहिला. कुडाचं घर उभं असतं ते मेढींवर, म्हणजे जमिनीत रोवलेल्या खांबांवर. भिंत म्हणजे कारवीच्या काठ्या बांधून शेणमातीने लिंपलेला पडदा, छपराचा भार तिच्यावर नसतो.

“ताय,” त्याने विचारलं, “कोनची भिंत?”

संगिता रागाने बोलली होती, पण पाड्याने ते कामच समजलं. मिथुन आणि चार-पाच जण कोयते घेऊन निघाले. घरात कुणीही पाऊल टाकलं नाही. बाहेरूनच बांध कापले, कडेची माती फोडली, आणि अंगणाकडची सबंध भिंत अलगद सुटून हातात आली. थोडी माती गळली, बाकी साबूत.

त्याच वेळी रविंद्र सर जीपमधून उतरले. समोरून शेतातून एक भिंत चालत येत होती.

“संगिता, हे काय आहे?”

“सर, घरात कुणी जायचं नाही असा नियम आहे. घराने बाहेर यायचं नाही असं कुठे लिहिलंय?”

सरांनी बहुतेक आपल्या साऱ्या छावण्या एकेक आठवून पाहिल्या. काही सापडलं नसावं. त्यांनी पाण्याची बाटली जीपवर ठेवली आणि भिंतीचा एक कोपरा धरला.

तंबूंजवळच्या मांडवात भिंत उभी राहिली. बायकांनी तिला गेरू-शेणाने सारवलं, सवाशिणींनी चौक काढला. घोडा घोडाच राहिला. दुसऱ्या दिवशी नवशी गायला बसली, आणि मधेच जमीन हलली. भांडी खणखणली, पाहुणे दचकले, टेकू दिलेली भिंत पोरांनी धरून ठेवली. नवशीने ओळ तोडली नाही. रोशनी आणि मिथुनचं लग्न लागलं, त्यांच्या पोरीने सगळ्यांत जास्त नाच केला.

संध्याकाळी पाहुणे पांगले. नवशी आपल्या घराकडे गेली. संगिता मागोमाग गेली. घर एका अंगाने सताड उघडं होतं. शेतावरचा गार वारा थेट चुलीपर्यंत जात होता, आणि नवशीच्या अंथरुणाच्या जागी पाड्यावरचं एक कुत्रं निवांत झोपलं होतं. नवशीने ते कुत्रं नीट पाहून घेतलं. मग तिने कडेने हात घालून कणसरीची, म्हणजे धान्याच्या देवीची टोपली उचलली, डोक्यावर घेतली, आणि मांडवातल्या पोरांना हाक मारली.

पोरांनी पुन्हा भिंत उचलली. संगिताच्या तंबूशेजारी, वारा येतो त्या बाजूला, नवशीने ती आपल्या मनासारखी उभी करून घेतली. टोपली भिंतीपाशी ठेवली, पाठ टेकून बसली आणि पाय पसरले. संगिता समोर उभी राहून लहान पोरीसारखी रडत होती.

“रडतेस कशास?” नवशी म्हणाली. “जा, तुझ्या सरास सांग. नवशी पळून नाय आली, भिंत घेऊन आली.”