कानात सांगितलेलं

पनवेलात लग्नाच्या दिवसांत निशा घरतचा मेकअप हवा असेल, तर दोन-अडीच महिने आधी शब्द टाकावा लागतो. स्टँडच्या मागच्या गल्लीत तिचं पार्लर आहे, दहा बाय बाराचं, मध्ये एक फुलाफुलांचा पडदा. हळदीत चार तास नाचूनही नवरीचा चेहरा जागचा हलत नाही, ही तिची हातोटी. पण तिची खरी ख्याती वेगळीच, आणि ती फक्त व्हिडिओवाल्यांना ठाऊक. हल्लीच्या नवऱ्या सासरी जाताना रडत नाहीत हो! पाच-सहा वर्षं फिरून ठरवलेलं लग्न, सासर दोन गावं सोडून, रडायचं कशाला? पण व्हिडिओवाल्याला रडणं पाहिजे. मग तो निशाला खूण करतो. निशा पदर सारखा करायच्या निमित्ताने नवरीच्या कानाशी जाते आणि हळूच म्हणते, "आईकडे बघ. उद्या सकाळी ती सवयीने तुझाही चहा गाळेल." झालं! नवरी हंबरडा फोडते. काजळ आधीच वॉटरप्रूफ लावलेलं असतं.

या युक्तीचा निशाला अभिमान होता. होता, असंच म्हणायला हवं.

निशाचं माहेर आपट्याचं. रंगाने काळीसावळी, आणि हे तिला विसरू द्यायचं नाही असा लोकांनी जणू विडाच उचललेला. शाळेच्या गॅदरिंगला बाईंनी गोऱ्या मुली पुढे घेतल्या आणि निशाला मागे झाडाची फांदी धरून उभं केलं. नाच संपेपर्यंत फांदी हलवत होती बिचारी. ती फांदी तिच्या हातातून काही सुटली नाही. हेतल झाली तेव्हा दवाखान्यातच तिने नवऱ्याला, धनेशला, सांगितलं, "हिला कोणी मागे उभं करणार नाही."

धनेश खडीचे डंपर चालवतो, बायकोच्या शब्दाबाहेर नाही. निशा दिवसभर पार्लरात, त्यामुळे हेतल वाढली ती आजीच्या, म्हणजे निशाच्या सासूच्या, भामाच्या मांडीवर. भामाने उभी हयात मिठागरात काढली, टाचा अजून भेगाळलेल्या. हेतल तिला बय म्हणते. जेवण बयच्या हातचं, झोप बयच्या कुशीत, आणि मम्मी रागावली की लपायचं बयच्या लुगड्यामागे.

सहाव्या वर्षी हेतलने खारघरच्या मॉलमध्ये लहान मुलींच्या सौंदर्यस्पर्धेत मुकुट जिंकला. मग निशाला कुठलं थांबायला? सातव्या वर्षी पुढचे दोन दात पडले. भामाने ते रीतीप्रमाणे कौलावर फेकायला घेतले, तर घराला कौलंच राहिली नव्हती. शेवटी स्लॅबवर फेकले आणि म्हणाली, "येतील गो, नवं येतील." पण निशाला धीर कुठला? तिने डॉक्टरकडून खोट्या दातांची पट्टी करून आणली. पट्टी टोचायची म्हणून घरी काढायची मुभा, मात्र पट्टी नसताना कोणासमोर हसायचं-रडायचं झालं तर तोंडावर हात. पोर शहाणी, हात ठेवायला शिकली.

आणि मग टीव्हीवाल्यांचा फोन आला. कार्यक्रमाचं नाव 'छोटी महाराणी'. सोळा मुली, सोळा आया, आणि सगळ्यांच्या कॉलरला माइक. आयांच्यासुद्धा! माइकची वायर पाठीमागे खोचलेल्या डबीत जाते, इतकं निशाला माहीत होतं. फोन मात्र गेटवरच काढून घेत आणि शूटिंग संपल्यावर परत देत.

चौथ्या दिवशी चॅनेलची मुलगी, हातात कागदांची फळी, निशाजवळ आली. "ताई, हेतल गोड आहे हो. पण तिची स्टोरीच नाही. बाकीच्या सगळ्या एकदा तरी रडल्यात. आज काही झालं नाही तर उद्या मी तिला नाही वाचवू शकत."

निशाच्या डोळ्यांसमोर ती फांदी आली. तिने हेतलला हाताला धरून स्टेजच्या पडद्यामागे नेलं. पडदा दिसला की निशाला आपण पार्लरात आहोत असंच वाटतं. तिथे कुजबुजलेलं कधीच बाहेर जात नाही. तिने पोरीच्या फ्रॉकची लेस सारखी केली, कानाशी वाकली आणि म्हणाली, "घरून फोन आला होता. बय गेली."

हेतलला आधी कळलंच नाही. "कुठे गेली?"

"देवाघरी."

काय सांगायचं पुढचं? पोर स्टेजवर गेली आणि मधोमध जाऊन बसली. ओठ घट्ट मिटलेले, पट्टी निसटू नये म्हणून शिकवलेलं तसंच, आणि डोळ्यांतून धारा. परीक्षक उठून उभे राहिले, एका बाईंनी तर चष्मा काढून डोळे पुसले. पाच मिनिटांनी निशाने तिला मिठीत घेऊन सांगितलं, "अगं वेडे, खोटं होतं. शूटिंगसाठी. बय घरी आहे."

हेतल म्हणाली, "मग फोन लाव."

फोन गेटवर. गेट उघडायला अजून पाच तास. ते पाच तास हेतल एका खुर्चीत बसून राहिली, समोसा खाल्ला नाही, पाणी प्यायली नाही. घरी पोचल्यावर भामा ओट्यावर तांदूळ निवडत बसलेली दिसली, तेव्हा पोरीने तिच्या तोंडाला हात लावून पाहिला. "काय झाला गो? ताप हाय क?" भामाने विचारलं. हेतल तिला नुसती बिलगली. निशाने झालेलं सांगितलं नाही. त्याच वेळी बोलली असती तर?

तीन आठवड्यांनी, शनिवारी संध्याकाळी, तो भाग लागला. निशाच्या सासरच्या गावाने धामधूम मांडली होती. वेशीवर हेतलचा मुकुटातला फ्लेक्स, मंडळाच्या जगनने गावदेवीच्या देवळासमोर मोठा पडदा बांधलेला, पहिल्या रांगेत भामा, नवं लुगडं नेसून. पडद्यावर हेतल रडली, तशा बायका हळहळल्या. आणि एकदम पडदा काळा झाला. काळ्यावर पांढरी अक्षरं उमटली आणि निशाचा आवाज आला, स्वच्छ, अख्ख्या गावाला ऐकू जाईल असा: "घरून फोन आला होता. बय गेली."

पाठीवरची डबी चालूच होती.

तेवढ्यावर थांबतील तर ते टीव्हीवाले कसले! तीन वेळा ऐकवलं, ढोल वाजवून. मग त्याच चष्मावाल्या परीक्षकबाई मान हलवत म्हणाल्या, हल्लीच्या आया कुठल्या थराला जातात. कागदांची फळी घेऊन आलेली मुलगी मात्र कुठेच दिसली नाही. तिचं बोलणं बरोबर कापलेलं. पण निशाला त्याचा आधार घेता येईना. शब्द तिचेच होते. वाटलं, जमीन दुभंगावी आणि आपल्याला पोटात घ्यावं. धनेश खाली बघत होता. जिवंत माणसाचं मरण बोललेलं, तेही देवीच्या दारात!

तेव्हा भामा उठली. गुडघ्यावर हात ठेवून, सावकाश. "आरं, बघतां काय येवढं? माजं आयुष वाढलं! लाव रं जगन, पुढचं लाव." लोक हसले, सुटल्यासारखे हसले. सासूने सुनेची अब्रू झाकली होती, आणि हे सुनेला सगळ्यांत जास्त लागलं.

घरी निशाने तिचे पाय धरले आणि त्या दिवशीचं सगळं सांगितलं. भामाने पाय ओढून घेतले नाहीत, डोक्यावर हातही ठेवला नाही. "माज्या मरनाचं काय नाय गो. आज नाय उद्या हायच. पन पोरीला पाच तास तसाच बसवलास?"

निशाने कार्यक्रम सोडला. दातांची पट्टी कचऱ्यात टाकली. एका लग्नात व्हिडिओवाल्याने नेहमीसारखी खूण केली, तर त्याच्यावर अशी खेकसली की तो दोन पावलं मागे गेला. सगळं केलं. पण हेतलचा एक प्रश्न काही जाईना. मम्मीने काहीही सांगितलं, फ्रिजमध्ये आंबा आहे, उद्या सुट्टी आहे, की ती शांतपणे विचारायची, "खरं, की शूटिंगचं?" मग जाऊन फ्रिज उघडून बघायची. चिडून नव्हे हो, नुसती खात्री करायला. निशाला वाटायचं, एकदा ओरडून तरी बोल गं बाई.

दिवाळीनंतरच्या एका सकाळी भामा मोरीत पाय घसरून पडली. खुब्याचं हाड मोडलं. पनवेलच्या हॉस्पिटलात डॉक्टर म्हणाले, दुपारी ऑपरेशन, वय झालंय, भेटायचं त्यांना भेटू द्या. भामा एकच नाव घेत होती. निशा रिक्षा करून शाळेत गेली.

ऑफिसात टीचर हेतलला घेऊन आल्या. निशाने खाली बसून तिचे दोन्ही हात धरले. "हेतू, बय पडली. हॉस्पिटलात आहे. तुला बोलावतेय. चल लवकर."

हेतलने आईच्या कॉलरकडे पाहिलं. मग तिच्या पाठीमागे जाऊन पाठ चाचपली. तिथे काहीच नव्हतं. तरी तिने हळूच विचारलं, "इथे रडायचं का?"

खरं म्हणून सांगायला निशाकडे एक शब्द उरला नव्हता. ती कितीही शपथा घेवो, आवाज तोच होता ना, पडद्यामागचा! हेतल टीचरकडे वळली. "टीचर, तुम्ही विचारा ना पप्पांना. मम्मीने नको."

टीचरनी निशाकडे पाहिलं. सगळं पनवेल तो भाग पाहून बसलेलं, त्यांनीही पाहिलाच असणार. निशाने मान खाली घालून धनेशचा नंबर सांगितला. फोन लागला, टीचरनी तो स्पीकरवर टाकला, आणि धनेशच्या आवाजाआधीच मागून खोल गेलेली हाक ऐकू आली, "हेतूऽ, आली क गो?"

तेव्हा हेतल रडली. टीव्हीवर रडली तशी नाही. नाक वाहिलं, खांदे हलले, तोंड वेडंवाकडं झालं. पुढे दोन नवे दात अर्धे उगवले होते. आणि रडता रडता तिचा उजवा हात आपोआप वर गेला आणि तोंडावर बसला, शिकवला होता तसाच.

"नको गं, राहू दे उघडं," म्हणत निशाने तो हात बाजूला करायला आपला हात पुढे केला. हेतल एक पाऊल मागे सरली आणि तिने टीचरचं बोट धरलं.