गोजरआत्याच्या कोंबड्यांची पंगत

गोजरआत्याच्या पंगतीतून अर्धपोटी उठलेला माणूस कोल्हारात अजून सापडायचा आहे. लग्न असो की दहावा, वाढपावर देखरेख तिची. एखाद्याने पुढाऱ्याच्या ताटात दोन लाडू आणि गड्याच्या ताटात एक ठेवला, तर आत्या त्याच्या हातची परात काढून घ्यायची. अशा बाईच्या पोल्ट्रीत माधुरीने आपला प्रयोग मांडला, इथेच खरं तर घोळ झाला.

माधुरी नगरची, पुण्यात डॉक्टरेट करत होती. साल सत्त्याण्णव. हळद, लसूण आणि तुळशीची पूड खाद्यात मिसळली, तर कोंबडीच्या अंगातली रोगाशी झुंजणारी जनुकं जास्त कामाला लागतात का, हे तिला बघायचं होतं. शंभर पिल्लं, मधोमध जाळी. डावीकडच्या पन्नासांना पूड घालून खाद्य, उजवीकडच्या पन्नासांना साधं. सहा आठवड्यांनी दोन्हीकडच्या काही कोंबड्यांच्या काळजाचे तुकडे पुण्याला तपासायचे. हा शेवटचा प्रयोग. यावर तिची डॉक्टरेट अडलेली.

तुकडे गेले. महिन्याने माधुरी आली ती चेहरा पाडून. हातात काळ्या रेघांची फिल्म; जनुक जितकं कामाला लागलेलं, तितकी त्याची रेघ गडद.

"दोन्हीकडं सारख्याच रेघा आहेत, मावशी. पूड काहीच करत नाही. माझी तीन वर्षं पाण्यात गेली." बोलता बोलता तिचे डोळे भरून आले.

आत्या भाकरी थापत होती. हात थांबले.

"म्याडम, पुडीला नावं ठिवू नका. मी ती दोन्हीकडं घातली."

माधुरीने फिल्म खाली ठेवली.

"जाळीतून चोची काढून बघायची वो ती. डोळ्यादेखत एकाला वाढायचं आन् दुसऱ्याला न्हाई, हे माझ्याच्यानं झालं न्हाई. निम्मी निम्मी वाटली."

कोंबड्या कापायला आत्याची कधीच हरकत नव्हती. हरकत होती ती वाढण्यात फरक करायला. मी माधुरीच्या जागी असतो तर घर डोक्यावर घेतलं असतं. ती मात्र डोळे पुसता पुसता हसायला लागली.

"म्हणजे पूड नापास झालेली नाही. मावशी, हे लपवलं असतंत तर मी चुकीचंच लिहून बसले असते."

तिने पुण्याच्या आपल्या मार्गदर्शक सरांच्या हातापाया पडून चार महिने वाढवून घेतले. नवी पिल्लं आली. या खेपेला आत्याने जाळीवर गोणपाट शिवलं आणि उजवी बाजू नवऱ्यावर, मच्छिंद्रमामांवर सोपवली. स्वतः तिकडे फिरकली नाही. रोज संध्याकाळी मात्र विचारायची, "खाल्लं का वो त्यांनी?" मामा म्हणायचे, "माझ्यापेक्षा जास्त खाल्लं."

शेवटी माधुरी पेढे घेऊन आली. नव्या फिल्मवर डावीकडे ठसठशीत काळ्या रेघा, उजवीकडे पुसट.

"बघा मावशी, पुडीनं जनुकं कशी कामाला लागली."

आत्याचं बोट पुसट रेघांवर गेलं. "आन् ह्या कोन?"

"साध्या खाद्यावरच्या. या नसत्या तर फरक कळलाच नसता. डॉक्टरेट यांच्यामुळंच मिळणार."

आत्याने पेढ्यांचा पुडा उघडला. पहिला पेढा त्या पुसट रेघांच्या नावाने बाजूला काढून ठेवला, आणि मग माधुरीच्या तोंडात घातला दुसरा.