रेघेच्या वरचा फेस

आबा गेल्याचा फोन आला तेव्हा मी दुकानात होते. समोर एक म्हातारं जोडपं उभं होतं आणि त्यातल्या बाईंना काय द्यावं याचा मी विचार करत होते. त्यांना कडू नको होतं, गोड नको होतं, पोट जड होईल असंही काही नको होतं. अशा वेळी आधी बाटल्यांकडं नाही, माणसाकडं पाहायचं, हे मला आबांनी शिकवलेलं. मी पाहत होते... तेवढ्यात खिशातला फोन वाजला. गावाकडचा नंबर. दिवसाढवळ्या गावाकडून मला कोणी फोन करत नाही, कामात असते म्हणून. मी तो उचलला, ऐकला आणि परत खिशात ठेवला. मग त्या बाईंसाठी गव्हाची पांढरी बिअर काढली, ग्लास धुतला, बिअर ओतली, फेस बसू दिला. त्यांनी पहिला घोट घेऊन नवऱ्याकडं पाहत मान हलवली, तेव्हा मी मागच्या खोलीत जाऊन रडले. वाढणाऱ्यानं पंगत अर्धी टाकून जाऊ नये, असं आबा म्हणायचे.

आबा म्हणजे माझे सासरे. यावलकडं त्यांची केळीची बाग, आणि सकाळी गावच्या डेअरीवर दूध मोजून घ्यायला तेच. मी साक्रीकडची, आठवीत शाळा सुटलेली. माझे मिस्टर सुरतेला एका हिरेवाल्या शेठच्या कंपनीत स्वयंपाकी होते. शेठची एक पेढी बेल्जियम देशात, अँटवर्प गावात आहे. तिथल्या माणसांना घरचं जेवण हवं म्हणून शेठनं यांना तिकडं पाठवलं आणि पाठोपाठ मी गेले. साक्रीच्या बाजाराला एकटी जायला घाबरणारी मी एकदम तिथं. आणि आज त्याच गावात बिअरच्या दुकानात उभी राहून लोकांना सांगते की तुम्ही ही नका घेऊ, ती घ्या. माझं मलाच कधीकधी खरं वाटत नाही. हे कसं झालं ते सांगायचं तर आबांचंच सांगावं लागतं.

आबांना मी पहिल्यांदा पाहिलं ते धुळ्याला, देवपुरात, माझ्या मावशीच्या घरी. बघण्याचा कार्यक्रम तिथं ठेवला होता. मी पोह्यांचा ट्रे घेऊन आले. आता विचारतील शाळा किती झाली, आणि मी आठवी म्हटलं की उठून जातील, एवढंच डोक्यात. आबांनी सोबत घरची केळी आणली होती. त्यांनी दोन केळी माझ्यासमोर ठेवली आणि म्हणाले, "पोरी, जरा वास घेऊन पाहय. काय फरक हाये सांग." मी आधी मावशीकडं पाहिलं, मग वास घेतला. म्हटलं, "याला धूर लागलाय, हे भट्टीत पिकवलंय. हे दुसरं घरी, गवतात पिकवलेलं." आबा खूश. सासूबाईंकडं वळून म्हणाले, "नाक चांगलं हाये." सासूबाई म्हणाल्या, "नाकानं सयपाक करणार हाये का ती?" शाळेचं कोणी विचारलंच नाही. लग्न ठरलं.

पण अँटवर्पला नाकाचा काय उपयोग? दारावरची बेल वाजली तरी मी स्वयंपाकघरात जाऊन उभी राहायची. भाजी आणायची ती यांच्यासोबत, सुट्टीच्या दिवशी. बाकी दिवसभर टीव्ही लावून ती भाषा ऐकायची, शब्द पाठ करायचे आणि बोलायचं कोणाशी नाही. माझी माय फोनवर विचारायची, "काय करी राहिनी वं?" मी म्हणायची, "काही नही माय, बसेल शे." खरंच बसलेलीच असायची. अशात एका उन्हाळ्यात आबा आले. सासूबाई आल्या नाहीत, बागेला पाणी कोण देईल म्हणून. आबांनी चार दिवस घरात काढले आणि मग दुपारी चप्पल घालून म्हणाले, "चाल, मले रस्ता सापडत नही." मी भीत भीत निघाले. सासऱ्यांना एकटं कसं सोडायचं? पुढं रोज दुपारी हेच. मला नंतर कळलं, ज्या माणसाला रानातली एकूण एक पायवाट अंधारात सापडते, त्याला ते दोन रस्ते पहिल्याच दिवशी पाठ झाले होते.

आमच्या गल्लीच्या टोकाला हिल्डाबाईंचं दुकान. आत भिंतभर बिअरच्या बाटल्या, बाहेर चार टेबलं. आबांना वाटलं थंड सरबताचं दुकान असेल. बसलो. हिल्डाबाईंनी आबांच्या मिशांकडं पाहून स्वतःच्या मनानं एक ग्लास भरून आणला. देठाचा, पोटाशी फुगीर, वर बोटभर जाड फेस. आबांनी ओळखलं की ही बिअर आहे. ते काही माळकरी नव्हते. पोळ्याला नाही तर यात्रेला, सासूबाईंची नजर चुकवून एखादी बाटली व्हायची. त्यांची अडचण वेगळीच होती.

"फेस किती हाये याच्यात. सांग तिले, आमच्याकडं दूध मोजताना फेस मापात धरत नही."

"आबा, राहू द्या ना."

"राहू कसं देऊ? डेअरीवर मी कोणाचं राहू दिलं का?"

हिल्डाबाई उभ्या. आबा माझ्याकडं पाहताहेत. मी टीव्हीवरून पाठ केलेले शब्द गोळा केले आणि त्या देशात परक्या माणसाशी पहिल्यांदा तोंड उघडलं. म्हटलं, "दूध. फेस. नाही." हिल्डाबाई आत गेल्या आणि दुधाची छोटी सुरई घेऊन आल्या. आबांनी सुरईकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं आणि असे हसले की बाजूच्या टेबलावरची माणसंही हसायला लागली. मीही हसले. मग मी ग्लासाला हात लावून, बोटांनी मोजून दाखवून पुन्हा सांगितलं, आणि या वेळी त्यांना कळलं. त्यांनी ग्लासावर बोट ठेवलं. तिथं एक बारीक रेघ होती. बिअर रेघेपर्यंत, फेस रेघेच्या वर. फेस नसला तर वास उडून जातो, असं त्या हातवारे करत सांगत होत्या. आबांनी चष्मा लावून रेघ नीट पाहिली. म्हणाले, "बाई इमानदार हाये."

त्या दिवसापासून रोजची बैठक. आबा रोज एकच ग्लास घ्यायचे, तोही अर्धा तास वास घेऊन. तिथं प्रत्येक बिअरचा ग्लास वेगळा, हे त्यांना फार आवडलं. "आपण श्रीखंड वाटीत घेतो, तांब्यात नही, तसंच हे," म्हणायचे. काही बिअर तिथले मठातले साधू करतात हे कळल्यावर त्यांनी ते मला तीनदा विचारून घेतलं. मग फोनवर सासूबाईंना सांगितलं, "आपल्याकडचे महाराज सोडायला लावतात, इथले महाराज स्वतः गाळतात." पलीकडून सासूबाई म्हणाल्या, "म्हणून तर सांगते, लवकर घरी या."

एका सोनेरी, कडक बिअरचा वास आबांनी पुन्हा पुन्हा घेतला. ग्लास माझ्यापुढं सरकवला. मी वास घेतला... पिकलेली केळी. केळी पिकवायच्या वखारीचं दार उघडलं की अंगावर येतो ना, अगदी तो वास, आणि मागं जराशी लवंग. केळं त्यात एकही नसतं. आंबतानाच तो वास येतो, असं हिल्डाबाई म्हणाल्या. आबांना घराची आठवण आली असणार. त्यांनी ते बोलून दाखवलं नाही, फक्त दुसऱ्या दिवशी तीच मागितली. आणि मग एकदा त्या गव्हाच्या पांढऱ्या बिअरचा ग्लास आला तेव्हा मी न राहवून म्हटलं, "आबा, यात धने आहेत. आणि संत्र्याची साल." हिल्डाबाईंना सांगितलं तर त्यांनी बाटली फिरवून वाचली आणि माझा खांदाच धरला. मी आबांना म्हटलं, "मी एक घोट घेऊ?" सासऱ्यांसमोर असं विचारायला किती धीर लागला असेल बघा. आबा म्हणाले, "मी घे म्हणणार नही. खाण्याचा आग्रह करावा, पिण्याचा करू नये. तुले घ्यावीशी वाटली तर घे." मी घेतला. थंड, हलकी, जरा आंबूस, आणि शेवटी धन्याची चव. उन्हातून आल्यावर कोणीतरी डोक्यावर हात ठेवावा तसं वाटलं. तुमच्यापैकी कोणाला ही कधी मिळाली तर शेवभाजीसोबत घेऊन बघा. तिखट जिभेवर राहतं आणि डोळ्यांत पाणी येत नाही.

आबा परत जायच्या आधी हिल्डाबाईंनी मला कामाला येशील का विचारलं. माझी भीती पुन्हा उभी राहिली. भाषेची नव्हे, घरची. आमच्या गावात दारूनं गेलेली घरं मी पाहिली आहेत, सासूबाईंनीही पाहिली असतील. सून बिअरच्या दुकानात उभी राहते म्हटल्यावर त्या काय म्हणतील? आबा म्हणाले, "तिले मी सांगतो. तू फक्त एक कर. माणूस पाहून दे, आणि पुरे झालं असलं तर पुरे म्हण." हिल्डाबाईंनी त्यांना तो रेघेचा ग्लास भेट दिला. आबांनी तो धोतरात गुंडाळून नेला.

पुढं दर रविवारी आबांचा फोन यायचा. "आज कोणाले काय दिलं?" मी गिऱ्हाइकाचं वर्णन करायचं, आबांनी ओळखायचं. एकदा सांगितलं, एक तरणा मुलगा आला होता, मैत्रिणीशी भांडून आल्यासारखा दिसत होता. आबा लगेच म्हणाले, "त्याले ती चेरीची आंबट दे. गोड दिली तर रडंल." मी तीच दिली होती. फोन ठेवताना मी विचारायची, "आईंना सांगितलं का?" आबा म्हणायचे, "सांगतो, सांगतो. घाई काय हाये?"

त्यांनी सांगितलं ते दुसऱ्या वर्षीच्या हिवाळ्यात, आम्ही गावी गेलो तेव्हा, आणि तेही भरीत पार्टीत. बागेच्या कडेला कपाशीच्या काड्यांच्या जाळावर वांगी भाजलेली, भाऊबंद जमलेले, बायका ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या पुऱ्या तळताहेत. मी विमानाच्या नियमात बसतील तेवढ्याच बाटल्या साड्यांत गुंडाळून आणल्या होत्या. साधूंची ती काळपट, भाजक्या गुळाच्या चवीची बिअर. आबांनी बूच काढलं ते उडून केळीच्या घडावर जाऊन आदळलं. मग त्यांनी चहाच्या कपांत एकेक घोट वाटला. एक चुलत सासरे म्हणाले, "आबा, एवढ्यानं काय होईल? नाकालेबी लागणार नही."

"नाकालेच लावायची हाये. आधी भरताचा घास घे, मग ही."

त्यांनी घेतली. धुराचं वांगं, कच्चं तेल, हिरवी मिरची, आणि त्यावर तो काळा, जाड घोट. त्या चुलत सासऱ्यांनी कप पुन्हा पुढं केला. आबांनी भरला नाही. "ही आमच्या सुनेनं निवडली," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "ती तिकडं याच्याच दुकानात काम करते. गोरे लोक तिले विचारून पितात." झारा हातात धरून सासूबाई वळल्या. मला वाटलं, आता... पण त्या परत कढईकडं वळल्या. पुरी तेलातून काढली, दुसरी सोडली. आम्ही निघेपर्यंत माझ्याशी कामापुरतं बोलल्या. आबांचा ग्लास त्यांनी घरात येऊ दिला नव्हताच. तो शेतातल्या पाण्याच्या मोटारीच्या खोलीत, कोनाड्यात असायचा. आबा त्यातून पाणी प्यायचे, आणि पाणीही रेघेपर्यंतच.

आबा गेले तेही त्याच खोलीच्या सावलीत, दुपारचं जेवण करून आडवे झाले असताना. झोपेतच. बागेला पाणी चालू होतं. मी पोहोचले तेव्हा सगळं उरकलं होतं. तेराव्यापर्यंत राहिले. लोक येत होते आणि गंमत अशी की रडता रडता हसत होते. प्रत्येकाकडं आबांची एक गोष्ट होती. डेअरीवाला म्हणाला, फेस बसल्याशिवाय आबांनी कधी माप सोडलं नाही. पण माझ्या मनात एकच घोळत होतं. माझ्या बाजूनं बोलणारा माणूस गेला. आता सासूबाई म्हणाल्या, ते काम सोड, तर मी काय करू? सोडलं तर परत त्या स्वयंपाकघरात जाऊन उभी राहीन, हे मला ठाऊक होतं. आणि नाही म्हणायचं कसं?

निघायच्या सकाळी सासूबाई ताक करत होत्या. मला म्हणाल्या, "बस." मांडणीवरून त्यांनी ग्लास काढला. तोच, देठाचा. कधी शेतातून आणला, कधी घासून भांड्यांत लावला, मला माहीत नाही. त्यांनी रवी काढून घेतली आणि वरून धार धरून ताक ओतलं, हळूहळू. रेघेशी थांबल्या. वर पांढरा फेस चढला, काठापर्यंत. त्यांनी तो डोळ्यांसमोर धरून पाहिला.

"असंच भरते का तिकडं?"

"हो आई. असंच."

"फेस मापात धरत नही ना?"

"नाही."

त्यांनी ग्लास माझ्या हातात दिला. मी पिऊ लागले तशा त्या भाकरी बांधायला घेत म्हणाल्या, "उपाशीपोटी कोणाले देत जाऊ नको. आधी काही खायाले दे."

आता दुकानात प्रत्येक ग्लासाबरोबर मी बशीत मूठभर भाजलेले शेंगदाणे देते. हिल्डाबाईंनी कारण विचारलं तेव्हा म्हटलं, आईंनी सांगितलंय. आणि रविवारी फोन येतो, तोच नंबर. पलीकडं आधी भांड्यांचा आवाज होतो, मग ताक ओतल्याचा, मग जरा वेळ काहीच नाही. त्या फेस बसायची वाट पाहत असतात. मग विचारतात, "सांग, आज कोणाले काय दिलं?"