सत्यशीलाबाईंनी केलेली छाननी

मिरजगावकडच्या आमच्या दूध संघात सत्यशीलाबाई दूध तपासायला लागल्या, तेव्हा त्यांची नुकती बारावी झाली होती. त्याला एकोणीस वर्षं झाली. जुने व्यवस्थापक गेल्यापासून सहा वर्षं सगळा संघ त्याच बघत, पण हुद्दा प्रभारी. वैशाखात वीज गेली की जनरेटर सुरू होईपर्यंत त्या दुधाच्या थंड टाकीला हात लावून उभ्या राहत, तापल्या लेकराच्या कपाळाला लावावा तसा.

यंदा कायम व्यवस्थापक नेमायचं ठरलं. कसा नेमायचा, यावर सभा बसली. संचालक राधाकृष्ण म्हणाले, "त्यात इचार कसला? बाई हायेतच की. ठराव करा अन् चहा सांगा."

बाई तेव्हा गप्प बसल्या असत्या तर खुर्ची त्यांची होती. पण बाई मानी.

"नको दादा. जाहिरात काढा. मी समद्यांसंगं रांगेत उभी राहीन. उद्या कुनी म्हनायला नको, बाईला खिरापत वाटली."

चेअरमन भिमाजीअण्णा तोंडभर हसले. "ह्याला म्हनत्यात बाना! मग जाहिरात तुमीच लिवा."

त्यांनी लिहिली. दुधाची पारख, यंत्रांची माहिती, दहा वर्षांचा अनुभव. अण्णांनी कागद वाचला, मान डोलावली आणि खिशात घातला. चार दिवसांनी जाहिरात वर्तमानपत्रात आली, तेव्हा तळाशी एक ओळ जास्त होती : उमेदवार पदवीधरच असावा.

बाईंनी तरीही अर्ज केला. एकोणीस वर्षांकडे कोणीतरी बघेल, एवढीच आशा.

सतरा अर्ज आले. अण्णांनी गठ्ठा बाईंपुढे सरकवला.

"करा छाननी."

"अण्णा, त्यांचाच अर्ज हाय त्यात," राधाकृष्ण म्हणाले.

"मग? बाई काय लबाडी करतील व्हय?"

राधाकृष्ण खिडकीतून टँकर बघू लागले.

बाई एकेक अर्ज वाचत गेल्या. अकरावा त्यांचा. पदवीची जागा कोरी होती. तांबड्या पेनानं, नेहमीच्याच सरळ अक्षरात त्यांनी त्यावर 'अपात्र' लिहिलं.

"कारन ऱ्हायलं," अण्णा म्हणाले.

त्यांनी कारणही लिहिलं.

नकाराची पत्रं तयार झाली. आपल्या नावाच्या पाकिटावर त्या तिकीट लावू लागल्या, तर अण्णांनी हात आडवा केला. "तिकीट कशाला वाया घालवता? घ्या की हातोहात!" टेबलाभोवती हशा पिकला. बाईंनी पाकीट घेतलं, पोच लिहून दिली.

"आन् बाई, पोरगं आलं की म्हैनाभर शिकवा त्याला. डिग्री हाय, पन दुधातलं कायबी कळत न्हाई."

"कोन पोरगं, अण्णा?"

मुलाखती अजून व्हायच्या होत्या. अण्णांनी चहा सांगितला.